तळहात उपडा करताना कोपर ते मनगटातलं नेमकं कोणतं हाड फिरतं?

फिरतं ते रेडियस, म्हणजे अंगठ्याच्या बाजूचं हाड. करंगळीच्या बाजूचं अल्ना जवळजवळ जागेवरच राहतं. अल्नाच्या वरच्या टोकाला पान्यासारखी खाच असते. तिने दंडाचं हाड पकडलेलं असल्यामुळे अल्नाला बिजागरीसारखं फक्त मिटता-उघडता येतं. रेडियसचं वरचं टोक मात्र चकतीसारखं गोल असतं, ते कड्यासारख्या अस्थिबंधात जागच्या जागी फिरतं आणि खालचं जाड टोक अल्नाला वळसा घालतं. म्हणून तळहात उताणा असताना हाडं समांतर, उपडा केला की फुली. (लहान मुलाला हात धरून झटक्यात उचललं की याच कड्यातून चकती निसटू शकते आणि मूल तो हात हलवेनासं होतं.)

फिजिओथेरपीत हे फिरणं मी रोज मोजतो, पण तुम्हाला स्वतःच्या हातावरही कळेल. कोपर ९० अंशांत वाकवून कुशीला चिकटवा. कोपराच्या टोकापासून करंगळीकडे कातडीखाली लागते ती अल्नाची धार. हात फिरवा, कोपराजवळ ती हलत नाही. आता बोट कोपराच्या बाहेरच्या उंचवट्याच्या जरा पुढे, मनगटाच्या दिशेला ठेवून हात फिरवा. रेडियसची चकती बोटाखाली सरकताना जाणवते. कोपर कुशीपासून सुटलं तर खांदाही फिरतो आणि फसगत होते.

‘जवळजवळ’ म्हटलं, कारण मनगटाकडे अल्नाही किंचित बाजूला सरकतं.