पहिल्यांदा नाईट राईडले येतोस तं
भाऊ, कोजागिरीच्या सायकल राईडले ये बिनधास्त, आपली काही रेस नाही, सेवाग्रामहून पवनारच्या धाम नदीपर्यंत गप्पा हाणत जायचं, मागं पडला तरी कोणी ना कोणी थांबतेच. गिअरची सायकल नसली तरी चालते. पण लाईट पाहिजेच! पुढचा थोडा खाली वाकवून लाव, नाहीतर समोरच्याचे डोळे दिपतात, अन मागचा लाल लाईट ग्रुपमध्ये ब्लिंकवर नको ठेवू, मागच्याले लय त्रास होते. चांदणं कितीही पडलं तरी बिनलाईटची बंडी (बैलगाडी) नाहीतर रस्त्यात बसलेली म्हैस जवळ गेल्याशिवाय दिसत नाही, म्हणून पुढच्यानं "बंडी!" म्हणून आवाज दिला की तूही मागं दे. इअरफोन घरीच राहू दे.

एक ट्यूब अन पंप घे. बाभळीचा काटा इकडं ठरलेलाच, ट्यूब बदलली अन काटा टायरातच राहिला तं थोड्या वेळात परत फुस्स, म्हणून टायर आतून बोटानं हळूच चाचपून पाह, टोक लागलं की बाहेरून उपटून काढ. जेवण हलकंच कर, नदीवर मसाला दूध आहेच. अन परत येतानी झोप आली तं लाजू नको, सांग, सगळेच थांबू.