बोत्स्वानात स्वतः गाडी चालवत पक्षी बघायला जायचंय. 400 मिमी लेन्स पुरेल की 600 घ्यावी?

400 पुरेल. गाडी थांबवून इंजिन बंद केलं की कवड्या धीवर पाच-सात मीटरवर येऊन बसतो, आणि 600 खिडकीतून फिरवताना मान मोडते. झालं तुमचं उत्तर.

आता जे विचारलं नाहीत ते. तुम्ही लिहिलंय की सप्टेंबरअखेर माउन गावाहून निघून मोरेमी अभयारण्य, चोबे उद्यानातलं सावुटी करत चोबे नदीकाठाने कसाने गावी पोचायचं आहे, छतावर तंबू असलेली हायलक्स (टोयोटाचा चारही चाकांना जोर देणारा पिकअप) ठरवली आहे, आणि "गाडीची काळजी नाही, हे लडाखला चालवून आलेत." या शेवटच्या वाक्यासाठीच मी लिहायला बसलो. लडाखच्या अनुभवाचा इथे काडीचा उपयोग नाही. तिथे चढ, दगड आणि विरळ हवा. इथे सपाट जमीन आणि मैलोन्‌मैल सैल वाळू. वाळूत इंजिनाच्या ताकदीपेक्षा टायरमधली हवा महत्त्वाची.

आमच्या पक्षीमित्रांच्या गटात एक वाद कधीच मिटत नाही: "हवा कमी केली की टायर फाटतो." डांबरावर, वेगात, हो, फाटतो. वाळूत उलट. पूर्ण हवेचा टायर वाळू कापत खाली जातो आणि स्वतःपुढे वाळूचा ढीग ढकलत राहतो. हवा कमी केली की टायरचा जमिनीला टेकणारा भाग थोडा रुंद आणि त्याहून जास्त लांब होतो, रणगाड्याच्या पट्ट्यासारखा, आणि टायर वाळूवरून चालतो. इंजिन कमी तापतं, डिझेल वाचतं, रस्ताही कमी उखडतो.

हवेच्या दाबाचे आकडे घ्या. भरलेल्या हायलक्सला डांबरावर पुढे 32 आणि मागे 36 पीएसआयच्या आसपास (गाडी देणारा सांगेल तो आकडा खरा). माउनहून उत्तरेला डांबर संपलं की 22. सावुटीकडच्या खोल वाळूत 18. रुतलात तर 15, तेवढ्यापुरतंच. मोजणी सकाळी टायर थंड असताना करा, तापलेला टायर जास्त दाखवतो. 20च्या खाली असाल तर ताशी 40च्या आत राहा. उद्यानात वेगमर्यादा तशीही 40च आहे. आणि स्टिअरिंग झटक्याने फिरवू नका, कारण कमी हवेवर टायरची कड रिमवरून निसटते. टायरची बगल फुगलेली असते, तिला मोपानी झाडाचे खुंट फाडतात. म्हणून चाकोरी सोडून झुडपात गाडी घालायची नाही. उद्यानाच्या नियमांतही ते बसत नाही. डांबर लागलं की आधी हवा भरायची, मग पुढे. यासाठी बॅटरीला थेट चिमट्यांनी लागणारा कॉम्प्रेसर हवा. सिगारेट लायटरच्या सॉकेटवर चालणारं खेळणं दिलं तर परत करा, फ्यूज उडतो.

जड वाळू दिसली की ती यायच्या आधीच फोर-लो (चारही चाकांना जोर देणारा संथ गिअर) टाका. मध्येच गिअर बदलायला गेलात की गाडीचा जोर जातो आणि तिथेच बसता. सकाळी वाळू थंड आणि घट्ट असते, दुपारी सैल होते. लांबचा टप्पा सकाळीच उरका. गाडी थांबतेय असं वाटलं की ॲक्सिलरेटर सोडा. चाकं गरगर फिरवली की पाच सेकंदांत गाडी पोटावर बसते. आधी आपल्याच चाकोरीतून मागे या, बहुतेक वेळा एवढ्यानेच सुटते. नाही सुटली तर एकाने खाली उतरून फावडं घ्यायचं आणि दुसऱ्याने छतावरून चारी बाजूंनी नजर ठेवायची. सिंह झुडपात बसलेला दिसत नाही. चारही चाकांपुढची वाळू काढा, डिफरन्शियलखालची, म्हणजे ॲक्सलच्या मधल्या गोळ्याखालचीही काढा (ती सगळे विसरतात), हवा 15वर आणा, चाकांखाली वाळूतून गाडी काढायच्या पट्ट्या घाला, दुसऱ्या लो गिअरात हळू सोडा. मागचा डिफ लॉक (मागची दोन्ही चाकं एकत्र फिरवणारं बटण) सरळ जातानाच, वळणावर बंद. जॅकखाली लाकडी फळी हवीच, नाहीतर गाडी वर यायच्याऐवजी जॅक खाली जातो.

चाकोऱ्यांमधल्या उंचवट्यावर वाळलेलं गवत असतं. ते सायलेन्सरभोवती अडकून पेटतं, बिया रेडिएटरच्या जाळीत भरून इंजिन तापतं. दिवसातून दोनदा खाली वाकून बघा.

डिझेल: माउन सोडलं की भरवशाचा पंप थेट कसानेला. नकाशावर अंतर 400 किमीच्या आत दिसतं, पण पक्ष्यांसाठी आत-बाहेर करत सहाशेच्या वर जातं, आणि वाळूत गाडी लिटरला पाच-सहाच देते. म्हणजे 120 लिटर. एकाच 80 लिटरच्या टाकीची गाडी घेऊ नका.

आता पक्षी. सप्टेंबरअखेरचा काळ चांगला निवडलात: झाडांना पानं कमी, पाणी आटून एका जागी आलेलं, चोबेच्या वाळूपट्ट्यांवर आफ्रिकन पाणचिरे अंडी घालणारे, नदीच्या कड्यांत किरमिजी वेड्या राघूंच्या वसाहती. मोरेमीत थर्ड ब्रिज या तंबूच्या जागी तीन रात्री द्या, पुढे ख्वाईला दोन. काकानाकाच्या तळ्यांत पिवळ्या चोचीचे करकोचे आणि मराबू एकत्र घरटी करतात. ओकावांगोचा खास करडा बगळा (स्लेटी इग्रेट) इथेच शोधा. काळ्या बगळ्याशी गल्लत होते: करड्याचा गळा विटकरी आणि पाय पिवळे, काळ्याचे पाय काळे, फक्त पंजे पिवळे, आणि पंखांची छत्री करून मासे पकडणारा तो काळाच. पेलचं मत्स्यघुबड या मार्गावर गाडीतून दिसण्याची आशा धरू नका, त्यासाठी वर शाकावेला जाऊन बोट घ्यावी लागते.

सावुटीत कोरी माळढोक. नर 18 किलोपर्यंत भरतो, आणि सोलापूरजवळच्या नान्नजला आपल्या माळढोकासाठी तासन्‌तास डोळे फोडून बसणाऱ्या माणसाला तो रस्त्याकडेला निवांत चालताना बघून अक्षरशः चीड येते. त्याच्या पाठीवर बसून किडे टिपणारा किरमिजी वेडा राघू मात्र बहुधा पावसाळ्यात दिसतो. लोणावळ्यावरून समुद्राकडे निघणारे आपले अमूर ससाणेही तिथे डिसेंबरनंतरच भेटतील. तेव्हा सावुटीची काळी माती भिजून चिकट होते आणि एकट्या गाडीने तिथे जाणं मूर्खपणा आहे.

बरोबरची माणसं वायरलेसवर सिंहाची बातमी ऐकून गाडी वळवणारी असतील, तर वेगळी गाडी घ्या. एका पाणवठ्याशी सकाळी तीन तास इंजिन बंद करून बसणाऱ्याला जेवढे पक्षी दिसतात, तेवढे 80 किमी फिरणाऱ्याला दिसत नाहीत. हाही आमच्या गटातला जुना वाद आहे आणि मी यात मागे हटणार नाही.

दुर्बीण 8x42. 10xमध्ये हात हलतो आणि लव्हाळ्यात पक्षी सापडेपर्यंत उडून जातो. ट्रायपॉड घरी ठेवा, गाडीतून उतरायचंच नसतं. रिकामी शिवलेली पिशवी न्या, माउनला दोन किलो तांदूळ भरा, खिडकीवर ठेवा, लेन्स तिच्यावर. धुळीत लेन्स बदलू नका, दोन बॉडी नसतील तर एकच लेन्स लावून ठेवा.

तंबूच्या जागांना कुंपण नसतं. संत्री-मोसंबी नेऊ नका, हत्ती वासावर गाडी उघडतो. बूट शिडीखाली ठेवलेत तर तरस नेतं. अंधार पडल्यावर खाली उतरायचं नाही, वर एक झाकणाची बाटली ठेवा. पिण्या-रांधण्याचं पाणी माणशी रोज पाच लिटर धरा. सरपण उद्यानाबाहेरच विकत घ्या, आत गोळा करायला मनाई आहे. कच्चं मांस पशुरोग पसरू नये म्हणून घातलेल्या कुंपणाच्या नाक्यांवर काढून घेऊ शकतात, डाळ-तांदळावर राहा.

आणखी काही सुटलेलं: उद्यानप्रवेश आणि तंबूची जागा यांचं आरक्षण वेगवेगळं करावं लागतं, तंबूच्या जागा खासगी चालकांकडे आहेत, आधी त्या बघा. आंतरराष्ट्रीय वाहन परवाना न्या. मलेरियाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून. रात्री डांबरी रस्त्यावरही गाडी नको, गाढवं आणि गुरं मध्ये बसलेली असतात. आणि विम्याचा कागद वाचा: टायर, काच, गाडीचा खालचा भाग आणि पाण्याने झालेलं नुकसान बहुधा वगळलेलं असतं. अंगोलातल्या पावसाचं पाणी ओकावांगो नदीच्या त्रिभुज प्रदेशात जून-जुलैत, म्हणजे ऐन कोरड्या दिवसांत सर्वांत जास्त चढतं; सप्टेंबरअखेर बरंच उतरलेलं असेल. तरी थर्ड ब्रिजजवळ ओलांडायची वेळ आली तर आत चालत जाऊन खोली मोजू नका, मगरी आहेत. दुसरी गाडी पलीकडे जाताना पाणी तिच्या कुठपर्यंत येतं ते बघा, मग ठरवा.