जुनी मारुती 800 एमपीएफआय (फ्यूल इंजेक्शनवाली) चालताना मध्येच बंद पडते, फ्यूल पंप बदलू का?

लगेच नका बदलू राव, जुन्या गाडीत बऱ्याचदा लोचा वायरिंगचाच निघतो. चावी ऑन करा पण स्टार्टर मारू नका, मागच्या सीटपाशी कान लावा, दोन-तीन सेकंद पंपाचा बारीक घूंऽ आवाज यायला हवा. नाही आला तर आधी फ्यूज, मग रिले (पंपाला करंट जोडणारा छोटा स्विच) बदलून बघा. तरी गप्पच असेल तर पंपाचा कनेक्टर जोडलेलाच ठेवून दुसऱ्याला चावी फिरवायला सांगा आणि मल्टिमीटरने व्होल्टेज मोजा, कारण काढून मोजलं की सडक्या वायरवरही 12 दाखवतं आणि आपण फसतो. बॅटरीपेक्षा एक-दीड व्होल्ट कमी दिसलं तर अर्थिंगचा बोल्ट (वायर गाडीच्या बॉडीला जोडतात तो) घासून बघा, गंज बहुतेक तिथेच असतो. व्होल्टेज ओके आणि पंप मुका, मग पंपच गेला. टाकीजवळ वायरी टेकवून ठिणगी बघायचे उद्योग मात्र अजिबात नको.