आधी व्याख्या, मग टाइप

आपला व्यक्तिमत्त्वाचा टाइप ठरवायची घाई करू नका. एमबीटीआय आणि सोशिऑनिक्स या माणसांचे टाइप पाडणाऱ्या दोन्ही पद्धती मानसशास्त्रज्ञ कार्ल युंगच्या १९२१ सालच्या मांडणीतून निघाल्या, म्हणून फंक्शनची, म्हणजे विचार, भावना, संवेदन, अंतःप्रज्ञा या मनाच्या कामांची, नावं सारखी दिसतात. अर्थ मात्र बरेच सरकले आहेत.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो अंतर्मुख संवेदनाचा. युंगच्या लेखी वस्तूपेक्षा तिचा मनावर उमटलेला ठसा महत्त्वाचा. एमबीटीआयवाल्यांकडे तेच फंक्शन तपशील जपणारं, आताची गोष्ट मागच्या अनुभवाशी ताडून पाहणारं होतं. सोशिऑनिक्समध्ये ते शरीराच्या सुखाकडे वळतं: पाहुण्याच्या डोळ्यांवर ऊन येतंय हे चटकन जाणवून पडदा ओढणारा माणूस. त्यामुळे ‘माझं हे फंक्शन तगडं आहे’ असं म्हणताना कुठल्या अर्थाने, ते सांगायलाच हवं.

दुसरी गोम टाइपच्या चार अक्षरी नावातल्या शेवटच्या अक्षराची. एमबीटीआयमध्ये जे की पी हे बहिर्मुख फंक्शनवरून ठरतं, सोशिऑनिक्समध्ये प्रमुख फंक्शनवरून: ते विचार किंवा भावना असेल तर जे, संवेदन किंवा अंतःप्रज्ञा असेल तर पी. म्हणून आधी अंतर्मुख विचार, मग बहिर्मुख अंतःप्रज्ञा हा क्रम एकीकडे आयएनटीपी, तर दुसरीकडे आयएनटीजे. बहिर्मुख टाइपांत ही भानगड नाही, त्यांचं प्रमुख फंक्शनच बहिर्मुख असतं. पण नुसतं अक्षर फिरवलं की टाइप जुळला, हे मला पटत नाही. व्याख्याच वेगळ्या असल्या की तोच माणूस दुसरीकडे भलत्याच जागी बसू शकतो.

सुरुवातीला एकच फंक्शन घ्या आणि तिन्हीकडची वर्णनं वहीत शेजारीशेजारी उतरवा. ऑनलाइन चाचण्यांचे निकाल तोवर बाजूला राहू द्या.