वाचकांचे प्रश्न : दुसऱ्या भागात समुद्र जास्त काळा का असतो?

मागच्या अंकात मुलांच्या डार्क फॅन्टसीवर मी सहज दोन ओळी लिहिल्या होत्या, की समुद्रकाठचं गाव, धुकं, जुनं हॉटेल, पाण्यात काहीतरी आहे, आणि या सगळ्याचा दुसरा भाग आला की पोरं जेवायला उठत नाहीत. त्यावर एवढी पत्रं आलीत की या वेळचा अख्खा कॉलम त्यालाच दिलाय. कवितांबद्दल विचारणाऱ्यांनी एक महिना थांबा, प्लीज.

ताई, माझी मुलगी दहा वर्षांची आहे. समुद्रकाठच्या गावातली अशीच एक कादंबरी तिने दोनदा वाचून काढली आणि आता दुसरा भाग पाहिजे म्हणून रोज मागे लागलीये. मी आधी स्वतः चाळला, तर पहिल्या भागात मुलांना जीव लावणारे होडीवाले काका यात सुरुवातीलाच गायब होतात आणि पुढे कळतं की गावाला त्यांनीच फसवलंय. राक्षसाचं मला काही वाटत नाही, पण हे तिला जड जाईल का? वर्षभर पुस्तक लपवून ठेवू का? – एक आई

लपवू नका हो, सापडतंच ते, आणि लपवलेलं पुस्तक उघड्या पुस्तकापेक्षा दुप्पट भीतीदायक होऊन बसतं. पण तुमचं बोट बरोबर जागेवर पडलंय. राक्षस मुलांना पचतो, कारण राक्षसाला नियम असतात. तो भरतीलाच येतो, दिव्याला बिचकतो, अमुक घंटा वाजली की परत फिरतो, आणि एकदा नियम कळले की मूल मनातल्या मनात त्याच्याशी खेळायला लागतं. फसवणाऱ्या काकांना असा नियम नसतो ना, ते कालपर्यंत छान हसत होते आणि आज हे! दुसरा भाग जड जातो तो यामुळेच. पहिल्या भागात लेखक तुम्हाला गावाच्या प्रेमात पाडतो, ती बेकरी, तो धक्का, ते काका, आणि दुसऱ्या भागात त्याच प्रेमावर घाव घालतो. त्याच्याकडे तेवढंच भांडवल असतं, तो तरी काय करणार.

माझ्या भाच्याचं सांगते. अशाच एका मालिकेचा दुसरा भाग वाचताना तो रोज रात्री पुस्तक खोलीबाहेर नेऊन चपलांच्या रॅकवर ठेवायचा, तेही पालथं घालून, आणि वर एक जड बूट. सकाळी उठला की दात घासायच्या आधी जाऊन घेऊन यायचा. आम्ही हसलो नाही, विचारलंही नाही. त्याने त्याच्यापुरता दरवाजा शोधला होता, की भीती दिवसा आत आणि रात्री बाहेर. मुलीला असं काहीतरी करू द्या, तिला सुचेलच.

तुम्ही करायचं ते एवढंच की काका गायब होतात ते प्रकरण झोपायच्या वेळी वाचायला घेऊ नका, दुपारी घ्या, आणि घरात माणसं असताना. शेवट आपणहून सांगायचा नाही, पण तिने सरळ विचारलं की "काका वाईट आहेत का?" तर सरळ उत्तर द्यायचं, "बघू हं पुढे" करायचं नाही, कारण ती तेव्हा गोष्टीबद्दल विचारत नसते, आधार मागत असते. आणि मधेच पुस्तक सोडलं तर सोडू दे. सहा महिन्यांनी स्वतःच उचलेल. नाही उचललं तरी काय बिघडलं?

मला डायरेक्ट दुसरा भाग मिळालाय, पहिला लायब्ररीत कायम कोणाकडे तरी असतो. वाचू का? – सातवीतला वाचक

वाच. थोडा वेळ कोण कोणाचा कोण हे कळणार नाही, वीस पानं दम धर. इंग्रजी लेखिका सुझन कूपरची पाच पुस्तकांची एक मालिका आहे, तिचा पहिला भाग 1965 चा, कॉर्नवॉलच्या समुद्रकाठच्या गावातली तीन भावंडं. दुसरा भाग आला थेट 1973 मध्ये, म्हणजे आठ वर्षांनी, आणि त्यात ती भावंडंच नाहीत! हिरो वेगळा, गाव वेगळं, समुद्र पण नाही. 1974 च्या तिसऱ्या भागात, 'ग्रीनविच'मध्ये (Greenwitch, घड्याळाच्या वेळेचं ग्रीनविच नव्हे), सगळे परत त्याच किनाऱ्यावर एकत्र येतात. तेव्हा मधूनच शिरलास तरी तू काही पहिला नाहीस.

आणि 'ग्रीनविच' मिळालं तर सोडू नकोस. गावातल्या बायका रात्रभर जागून फांद्या-पानांची एक भलीमोठी मूर्ती बांधतात आणि पहाटे ती कड्यावरून समुद्रात ढकलली जाते, त्याआधी मूर्तीला हात लावून एक इच्छा मागता येते. भावंडांतली जेन काय मागते माहितीये? स्वतःसाठी काहीच नाही, त्या मूर्तीकडे बघून तिला वाटतं की ही किती एकटी आहे, म्हणून ती सुखात राहू दे एवढंच मागते. पुढचं सगळं त्या एका इच्छेवर फिरतं. तलवारी-बिलवारी बाजूलाच राहतात.

मावशी, मी नववीत आहे आणि माझ्या गोष्टीचा दुसरा भाग लिहितेय. पहिल्या भागात बंदराच्या गावातला समुद्री राक्षस मेला. आता दुसऱ्यात त्याच्यापेक्षा मोठा राक्षस आणला पण मैत्रीण म्हणाली बोअर होतंय. काय करू? – अडकलेली लेखिका

तुझी मैत्रीण हुशार आहे, तिला सांभाळून ठेव. मोठा राक्षस म्हणजे तोच राक्षस, फक्त झूम केलेला. वाचक एकदा घाबरला, आता त्याला माहितीये की तू शेवटी मारणार. त्यापेक्षा असं विचार कर की तो राक्षस मेल्यामुळे गावात काय काय बिघडलं? तो कशाला तरी अडवून बसला होता का? गावातलं कोणी त्याला गुपचूप खायला घालत होतं का, आणि आता ते माणूस रात्री धक्क्यावर रिकामी बादली घेऊन बसतं का? हे बघ, ही रिकामी बादली मला तुझ्या मोठ्या राक्षसापेक्षा जास्त घाबरवतेय.

दुसरं म्हणजे समुद्राचे खरे नियम वापर ना, फुकट मिळतात. एका भरतीपासून पुढची भरती साधारण 12 तास 25 मिनिटांनी येते, म्हणजे रोज सुमारे 50 मिनिटं उशिरा. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा पाणी कमी चढतं-उतरतं. आता तुझ्या गोष्टीत एखादी गुहा अशी ठेव की ती फक्त उधाणाच्या ओहोटीला उघडी पडते. मग तुझ्या पोरांना आत जायला मोजके तास, आणि चुकलं तर पंधरा दिवस थांबा. घड्याळ आपोआप टिकटिकायला लागेल, तुला "तेवढ्यात अचानक" लिहावंच लागणार नाही. (तुझ्या पाठवलेल्या चार पानांत "अचानक" अकरा वेळा आहे, मी मोजलं, सॉरी.) पाणी किती चढू शकतं याचा अंदाज हवा तर कॅनडात फंडीचा उपसागर आहे, तिथे भरती-ओहोटीतला फरक 16 मीटरपर्यंत जातो, पाच मजली इमारत धर. सकाळी ज्या होड्या चिखलात आडव्या पडलेल्या असतात त्याच दुपारी धक्क्याला लागून डुलत असतात.

गावाचा भूतकाळ पण खण. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर डनिच नावाचं एक भरभराटीचं बंदर होतं, 1286 पासूनच्या वादळांनी आणि कडा ढासळत गेल्याने ते शतकानुशतकं तुकड्यातुकड्याने समुद्रात गेलं. चर्चं गेली, रस्ते गेले. पाण्याखालून घंटा ऐकू येतात अशी दंतकथा अजून सांगतात. घंटा जाऊ दे, मला त्यात खरं भयानक हे वाटतं की कडा ढासळला की जुन्या कबरींमधली हाडं उघडी पडायची. लेखकाला यात काही घालायची गरजच नाही.

आणि हो, खऱ्या गावात फिरून लिहिण्याचा फायदा बघायचा तर 'ड्रॅक्युला' कादंबरीचा लेखक ब्रॅम स्टोकर बघ. 1890 च्या उन्हाळ्यात तो इंग्लंडमधल्या व्हिटबी या किनाऱ्यावरच्या गावात राहिला. 1885 मध्ये तिथे दिमित्री नावाचं रशियन जहाज वादळात किनाऱ्यावर येऊन आदळलं होतं, ते त्याने उचललं, नाव जरा बदलून डिमिटर केलं, त्यात एक काळा कुत्रा टाकला जो जहाजातून उडी मारून अंधारात पळतो, झालं. 'ड्रॅक्युला' हे नावसुद्धा त्याला तिथल्याच लायब्ररीतल्या एका पुस्तकात सापडलं. तुझं बंदर कल्पनेतलं असलं तरी त्याची लायब्ररी, त्याचं जुनं अपघातांचं रजिस्टर तुला माहीत पाहिजे. पहिल्या भागात ज्या दाराजवळून तू नुसती गेलीस ना, ते दुसऱ्यात उघड. नवीन दार बांधू नकोस.

डार्क फॅन्टसी आणि भुताची गोष्ट यात फरक काय? नातू म्हणतो आजोबा तुम्हाला कळणार नाही. – एक आजोबा

कळेल हो, नातवाला सांगा. भुताच्या गोष्टीत आपल्या नेहमीच्या जगात एक भलतीच गोष्ट घुसते आणि बहुतेक वेळा ती का आली हे धूसरच ठेवतात. फॅन्टसीत त्या भलत्या गोष्टीचं स्वतःचं जग असतं, कायदे असतात, इतिहास असतो, आणि डार्क म्हणजे तिथे जिंकलं तरी काहीतरी द्यावं लागतं. कोणाचा आवाज जातो, कोणाची आठवण जाते. किनाऱ्याचं गाव त्याला सोयीचं पडतं, कारण एका बाजूला घरं, दिवे, माणसं आणि दुसऱ्या बाजूला काहीच नाही, मधे फक्त एक ओली रेघ, तीही दिवसातून चारदा सरकते. आता नातवाला विचारा त्याला यातलं काय माहीत होतं.

पुस्तकात रात्री समुद्र निळा चमकतो आणि त्यावरून राक्षस कुठे आहे ते कळतं. खरंच चमकतो? – वय 11

चमकतो. नॉक्टिलुका नावाचे बारीक एकपेशीय जीव असतात, पाणी हललं की त्यांच्यात रासायनिक क्रिया होऊन क्षणभर निळा उजेड पडतो, सेकंदाचा दहावा भाग वगैरे. लाट फुटली, मासा गेला, तू हात फिरवलास की तिथे चमक. म्हणजे तुझ्या लेखकाने अगदी बरोबर धरलंय, जे हलतं तेच दिसतं. पण मग जो राक्षस अजिबात हलत नाहीये तो कुठे आहे, हे त्या पोरांना कसं कळणार? दुसऱ्या भागात लेखकाने हे वापरलं नसेल तर त्याला पत्र लिही.

लाइटहाऊसमधली माणसं गायब होतात असं दुसऱ्या भागात आहे. बाबा म्हणतात खरं घडलंय. – वय 12

बाबा बरोबर आहेत. स्कॉटलंडच्या पश्चिमेला फ्लॅनन नावाची छोटी बेटं आहेत, तिथल्या लाइटहाऊसमधले तीन रखवालदार डिसेंबर 1900 मध्ये नाहीसे झाले. 26 डिसेंबरला बदलीची बोट पोचली तर आत कोणी नाही, दिवा मात्र घासूनपुसून तयार. टेबलावर अर्धवट जेवण होतं वगैरे जे सांगतात ना, ते नंतर आलेल्या एका कवितेतून पसरलंय, त्यावर जाऊ नकोस. चौकशीत ठरलं की मोठ्या लाटेने ओढून नेलं असणार, आणि बहुतेक तसंच झालं असेल.

फक्त एक गोष्ट. थंडी-वादळात बाहेर पडताना घालायचे मेणकापडी कोट होते त्यांचे, त्यातला एक आतच खुंटीवर होता.