गिटवेबमध्ये कोड रंगीत दाखवायचा असेल, तर ते काम सर्व्हरवर करावे की ब्राउझरमध्ये?

आपण विचारले आहे की, आपल्या गटाच्या सर्व्हरवर गिटवेब (गिट या आवृत्ती-नियंत्रण प्रणालीतला कोड ब्राउझरमध्ये दाखवणारा प्रोग्राम) चालू आहे, त्यात कोणतीही फाइल उघडली तरी कोड एकरंगीच दिसतो, तेव्हा सिंटॅक्स हायलाइटिंगसाठी, म्हणजे कोडचे वेगवेगळे घटक वेगळ्या रंगांत दाखवण्यासाठी, पानात एखादी जावास्क्रिप्ट लायब्ररी टाकणे पुरेसे होईल की सर्व्हरवरच काही सोय करावी लागेल. माझे स्पष्ट मत आहे की हे काम सर्व्हरवर करावे. अशा पानावर आलेला माणूस कोड नुसता वाचत नाही. तो एखाद्या ओळीचा दुवा सहकाऱ्याला पाठवतो, मजकूर कॉपी करतो, ती ओळ कोणत्या कमिटमध्ये (नोंदवलेल्या बदलात) आली हे शोधतो. रंग दिल्यामुळे यातले काहीही बिघडता कामा नये, आणि ही काळजी सर्व्हरवर घेणे बरेच सोपे जाते.

हायलाइट डॉट जेएस किंवा प्रिझम यांसारख्या लायब्ररी लेखांत येणाऱ्या लहान तुकड्यांसाठी उत्तम आहेत. गिटवेब मात्र प्रत्येक ओळ स्वतंत्र घटकात, तिच्या क्रमांकासह आणि दुव्याच्या खुणेसह छापते. लायब्ररीला एकेक ओळ सुटी दिली, तर चार ओळींच्या टिप्पणीतली दुसरी ओळ ही टिप्पणी आहे हे तिला कळूच शकत नाही. सगळा मजकूर एकत्र दिला, तर ओळींची रचना मोडते आणि क्रमांक व दुवे पुन्हा जोडत बसावे लागते. शिवाय हजारो ओळींची फाइल उघडली की पान काही काळ अडकते, ते वेगळेच.

गिटवेबमध्ये ही सोय मुळातच आहे, फक्त ती बंद ठेवलेली असते. त्यासाठी ‘हायलाइट’ नावाचा स्वतंत्र प्रोग्राम सर्व्हरवर बसवावा आणि गिटवेबच्या कॉन्फिगरेशन फाइलमध्ये याच नावाच्या फीचरचे मूळ मूल्य ० आहे ते १ करावे. प्रोग्राम नेहमीच्या जागी नसेल, तर त्याचा पूर्ण मार्गही तिथेच द्यावा लागतो. भाषा कोणती, हे गिटवेब फाइलच्या नावावरून आणि एक्स्टेन्शनवरून ठरवते, आणि ‘मेकफाइल’सारख्या एक्स्टेन्शन नसलेल्या नावांसाठी तिच्याकडे वेगळी यादी असते, आपल्या गटात एखादे खास एक्स्टेन्शन वापरात असेल, तर कॉन्फिगरेशनमधून ते एक्स्टेन्शनच्या यादीत जोडता येते. सगळे नीट करूनही रंग दिसत नसतील, तर आधी स्टाइलशीट तपासावी. प्रोग्राम फक्त प्रत्येक टोकनला (कोडमधल्या शब्द, चिन्ह अशा सुट्या घटकाला) सीएसएसचा वर्ग लावतो, रंग स्टाइलशीटमधून येतात. कोणी गिटवेबची मूळ स्टाइलशीट बदलून स्वतःची लावली असेल आणि तिच्यात हे वर्ग नसतील, तर पान पूर्वीसारखेच दिसते.

या सोयीची मर्यादा अशी की रंग फक्त फाइल पाहण्याच्या पानावर येतात. डिफ (दोन आवृत्त्यांतला फरक) आणि ब्लेम (कोणती ओळ कोणत्या कमिटमध्ये आली) ही पाने तशीच राहतात. तेवढ्यावर भागत नसेल, तर सीगिट या गिटवेबसारख्याच दुसऱ्या प्रणालीचा विचार करावा. ती सी भाषेत लिहिलेली असून तिच्यात ‘सोर्स फिल्टर’ नावाचे एक खुले दार आहे: आपण नेमून दिलेल्या प्रोग्रामला ती फाइलचा मजकूर स्टँडर्ड इनपुटवर आणि फाइलचे नाव आर्ग्युमेंट म्हणून देते, आणि त्याचे आउटपुट जसेच्या तसे पानात घालते. त्यामुळे भाषा कशी ओळखायची आणि कोणते टोकन कसे दाखवायचे यावर पूर्ण ताबा आपला राहतो. गिटऐवजी मर्क्युरियल ही प्रणाली वापरणाऱ्यांची स्थिती अधिक चांगली आहे, कारण तिच्या एचजीवेब या वेब-दर्शकाचे हायलाइट एक्स्टेन्शन फाइल आणि ॲनोटेट (म्हणजे ब्लेमसारखे) ही दोन्ही पाने रंगवते आणि ५ एमबीपेक्षा मोठ्या फाइलला मुळात हातच लावत नाही.

फिल्टर स्वतः लिहिणार असाल, तर पिग्मेंट्स ही पायथन लायब्ररी घ्यावी. पण तिच्या एका सवयीकडे पहिल्याच दिवशी लक्ष द्यावे. ती सुरुवातीच्या आणि शेवटच्या रिकाम्या ओळी आपणहून काढून टाकते. समजा, एका फाइलच्या आरंभी दोन रिकाम्या ओळी आहेत आणि तिसऱ्या ओळीवर फंक्शन सुरू होते. ओळींचे क्रमांक मूळ मजकुरावरून छापले जातात, रंगीत कोड मात्र लायब्ररीतून दोन ओळी कमी होऊन येतो. परिणामी ते फंक्शन क्रमांक १ समोर दिसते आणि त्यानंतरचा प्रत्येक दुवा दोन ओळींनी चुकतो. ही चूक डोळ्यांना सहज दिसत नाही, कारण पान अगदी व्यवस्थित रंगलेले असते. लेक्सर (मजकुराचे टोकनांत तुकडे करणारा भाग) तयार करताना ‘स्ट्रिप-एनएल’ हा पर्याय बंद करावा, म्हणजे हा प्रश्न उरत नाही. माझा आग्रह तर असा आहे की, रंगीत आउटपुटमधून सगळे टॅग काढले आणि एस्केप केलेली (ब्राउझरने टॅग समजू नये म्हणून सांकेतिक रूपात लिहिलेली) चिन्हे पूर्ववत केली की मूळ फाइल अक्षरशः परत मिळते का, हे तपासणारी चाचणी फिल्टरसोबत असलीच पाहिजे. कोनी कंस आणि अँपरसँड एस्केप न होता सुटले, तर फाइलमध्ये लिहिलेली स्क्रिप्ट वाचकाच्या ब्राउझरमध्ये चालू शकते. तो धोकाही याच चाचणीसोबत तपासून घ्यावा.

आता वेगाविषयी. प्रत्येक वेळी पान उघडताना नवी प्रक्रिया सुरू करून तीच फाइल पुन्हा रंगवणे परवडत नाही, विशेषतः सर्च इंजिनांचे बॉट जुन्या कमिटमधली एकेक फाइल मागू लागतात तेव्हा. सुदैवाने गिटची रचनाच आपल्या मदतीला येते. ब्लॉबचा (गिटने साठवलेल्या फाइलच्या मजकुराचा) हॅश, म्हणजे ओळख-संकेत, त्या मजकुरावरूनच ठरतो, म्हणून त्या हॅशखाली साठवलेले रंगीत आउटपुट मजकूर बदलल्यामुळे कधीच शिळे होत नाही. मात्र केवळ हॅश पुरत नाही. ब्लॉबला स्वतःचे नाव नसते; तोच मजकूर एका ठिकाणी साधी टेक्स्ट फाइल आणि दुसऱ्या ठिकाणी पायथनची फाइल म्हणून असू शकतो. त्यामुळे हॅश, ठरवलेली भाषा आणि हायलाइटरची आवृत्ती या तिन्हींची मिळून कॅशची (तयार आउटपुटच्या साठ्याची) की, म्हणजे शोधखूण, करावी.

डिफ रंगवणे हा याहून अवघड भाग आहे. बदलाचा तुकडा एखाद्या लांबलचक स्ट्रिंगच्या मधोमध सुरू होऊ शकतो, आणि तेवढाच तुकडा लेक्सरला दिला, तर तो स्ट्रिंगच्या शेवटचे अवतरणचिन्ह सुरुवातीचे समजून पुढचा सगळा कोड उलटा रंगवतो. योग्य मार्ग एकच: जुनी आणि नवी फाइल पूर्ण रंगवावी, ओळींमध्ये विभागावी, मग वगळलेल्या ओळी जुनीतून आणि बाकीच्या नवीतून उचलाव्यात. डिफच्या ‘इंडेक्स’ ओळीत दोन्ही ब्लॉबचे हॅश असतातच, त्यामुळे वरची कॅश इथेही उपयोगी पडते. ओळी विभागताना एखादा टॅग अनेक ओळींवर पसरला असेल, तर तो प्रत्येक ओळीच्या अखेरीस बंद करून पुढच्या ओळीवर पुन्हा उघडावा लागतो. डिफमध्ये पार्श्वभूमी आधीच लाल-हिरवी असते, म्हणून तिथे टोकनांसाठी हे दोन रंग टाळून संयमित रंगसंगती ठेवावी आणि अक्षर व पार्श्वभूमी यांतला कॉन्ट्रास्ट किमान ४.५ : १ राहील असे पाहावे.

फिल्टरला वेळेची मर्यादा अवश्य घालावी, आणि ती ओलांडली की साधा, एस्केप केलेला मजकूर दाखवावा. लेक्सर रेग्युलर एक्स्प्रेशनवर (मजकुरातले नमुने शोधणाऱ्या सूत्रांवर) चालतात आणि मुद्दाम रचलेली फाइल त्यांना अडकवू शकते. २०२१ मध्ये पिग्मेंट्समध्ये अशाच त्रुटी उघड झाल्या होत्या. एसएमएल भाषेचा लेक्सर तर कधीच न संपणाऱ्या लूपमध्ये जात असे. २.७.४ या आवृत्तीत त्या दुरुस्त झाल्या आहेत, तेव्हा सर्व्हरवर याहून जुनी आवृत्ती असल्यास फिल्टर चालू करण्यापूर्वी ती बदलून घ्यावी.