शिष्यवृत्तीचे आकडे आणि शाळासिद्धीची श्रेणी पाहून प्राथमिक शाळा निवडावी का?

तुम्ही नुकतेच धायरीत राहायला आलात, मुलगी येत्या जूनमध्ये पहिलीत जाईल आणि घराजवळ दोन शाळा आहेत, असं तुम्ही लिहिलंय. एका अनुदानित शाळेच्या फाटकावर फ्लेक्स आहे: 'शिष्यवृत्ती परीक्षेत १८ विद्यार्थी पात्र, शाळासिद्धी अ श्रेणी'. दुसऱ्या, महापालिकेच्या शाळेवर तसलं काही नाही. आकडे बघून ठरवावं का, असा तुमचा प्रश्न आहे.

मी ३१ वर्षं प्राथमिक वर्गांना शिकवलं, त्यातली शेवटची चौदा सिंहगड रस्त्याच्या बाजूला. हे आकडे मी स्वतः भरले आहेत. त्यामुळे ते कुठून येतात ते सविस्तर सांगते.

आधी शिष्यवृत्ती. ही परीक्षा महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते. दोन पेपर, प्रत्येकी ७५ प्रश्न आणि १५० गुण. पहिल्यात मराठी आणि गणित, दुसऱ्यात इंग्रजी आणि बुद्धिमत्ता चाचणी. पात्र व्हायला प्रत्येक पेपरात ४० टक्के लागतात. परीक्षा चांगली आहे, मुलं घासूनपुसून तयार होतात. पण ती होतकरू मुलं निवडण्यासाठी आहे, शाळेचं मोजमाप करण्यासाठी नव्हे. सगळ्या वर्गाने बसायचं असं बंधनही नाही. फ्लेक्सवरच्या १८ मुलांमागे किती बसली होती, त्या तुकड्यांमध्ये एकूण किती मुलं होती आणि त्यातली किती बाहेर क्लासला जात होती, हे कळल्याशिवाय १८ हा आकडा अर्धवट आहे. शिवाय २०१६-१७ पासून ही परीक्षा चौथी-सातवीऐवजी पाचवी-आठवीला गेली (आता ती पुन्हा चौथी-सातवीला आणायचा निर्णय झालाय). आपल्याकडे असंख्य प्राथमिक शाळा चौथीपर्यंतच आहेत. त्या शाळांमधून गेली काही वर्षं कुणी बसूच शकत नव्हतं, मग फ्लेक्स कसला लागणार? तुमच्याजवळची महापालिकेची शाळा कितवीपर्यंत आहे, तेवढं आधी विचारा.

शाळासिद्धी, म्हणजे शाळांचं मूल्यमापन करायची केंद्राची योजना, २०१५ च्या शेवटी देशभर सुरू झाली. त्यात सात क्षेत्रं आणि मिळून ४६ मानकं आहेत, आणि प्रत्येक मानकाला शाळा स्वतःच पहिला, दुसरा किंवा तिसरा स्तर देते. या ४६ पैकी १२ मानकं मैदान, वर्गखोल्या, वीज, ग्रंथालय, पाणी, हात धुण्याची जागा, स्वच्छतागृह, रॅम्प यांची आहेत. मुलांची प्रगती, उपस्थिती आणि संपादणूक यांच्या वाट्याला पाच. मी हे हिणवण्यासाठी सांगत नाही. मुलींना धड स्वच्छतागृह नसलेल्या शाळेत मी काम केलंय आणि ते झाल्यावर हजेरीत पडलेला फरकही पाहिलाय. पण 'अ श्रेणी' वाचून तुमच्या डोळ्यांसमोर येतं ते भराभर वाचणारं मूल, आणि त्या श्रेणीत तर मुलांच्या प्रगतीपेक्षा इमारतीचा वाटा मोठा असतो. ती स्वयंमूल्यमापनाची की बाह्य मूल्यमापनाची, आणि कोणत्या वर्षाची, हे मुख्याध्यापकांना सरळ विचारा. विचारलेलं कुणाला वाईट वाटत नाही.

वर्तमानपत्रात राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण किंवा 'परख' असं वाचलं असेल. शेवटचं ४ डिसेंबर २०२४ ला तिसरी, सहावी आणि नववीच्या मुलांचं झालं. तिथे शाळा नमुन्याने निवडतात आणि चित्र जिल्ह्याचं, राज्याचं निघतं. तुमच्या गल्लीतल्या शाळेला त्यातून गुण मिळत नाहीत. मोजपट्टी बदलली की काय होतं तेही बघा. राज्यांच्या शालेय शिक्षणाला गुण देणाऱ्या केंद्राच्या कामगिरी निर्देशांकात २०२०-२१ ला महाराष्ट्राला १००० पैकी ९२८ गुण होते, केरळ आणि पंजाबच्या बरोबरीने देशात सगळ्यांत वर. पुढच्याच वर्षी निर्देशांक नव्याने बांधला, मुलांना काय येतं याला अधिक वजन दिलं, आणि वरच्या पाच श्रेणींत देशातलं एकही राज्य उरलं नाही. मुलं तीच होती आणि बाई-गुरुजीही तेच.

आता ज्या चाचणीबद्दल मला मनापासून बोलायचंय तिच्याकडे येते. २०१५ च्या जूनमध्ये 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' या राज्याच्या कार्यक्रमाचा शासन निर्णय आला आणि पायाभूत चाचण्या सुरू झाल्या. २०२३-२४ पासून नियतकालिक मूल्यांकन चाचणी आली, तिला सगळे पॅट म्हणतात. सुरुवातीला ती तिसरी ते आठवीला होती, विषय प्रथम भाषा, गणित आणि इंग्रजी. पेपर वरून येतात, शिक्षक तपासतात आणि गुण चॅटबॉटवर भरतात. ही कल्पना मुळात फार चांगली आहे, असं मी आजही म्हणेन. वर्षाच्या सुरुवातीला प्रत्येक मूल कुठे अडलंय ते शिक्षकाला कळावं, एवढाच तिचा हेतू.

कुठे अडलंय म्हणजे काय ते एका उदाहरणावरून सांगते. तिसरीच्या वर्गाला मी एकदा तोंडी गणित सांगितलं: त्रेसष्ट वजा अठ्ठावीस. उत्तर ३५. एका मुलाने ४५ लिहिलं, कारण त्याने आठातून तीन काढले आणि सहातून दोन. मोठ्यातून लहान जातं, एवढंच त्याच्या डोक्यात बसलेलं. शेजारच्या मुलीनेही ४५ लिहिलं, पण तिने दशक नीट सोडवला होता, तेरातून आठ काढून पाच लिहिले होते, फक्त सहाचे पाच करायला विसरली. उत्तर सारखंच चुकलेलं, पण पहिल्याला काड्यांचे गठ्ठे घेऊन दशक-एकक मुळापासून शिकवायला हवं होतं आणि दुसरीला फक्त सवय हवी होती. तिसऱ्या एका मुलीने लिहिलं ८.

त्या आठने मला बरंच शिकवलं. तिचे आईवडील कलबुर्गीकडचे, आंबेगावच्या एका बांधकामावर कामाला. घरी कानडी. कानडीत त्रेसष्टला 'अरवत्तमूरु' म्हणतात, आधी साठ आणि मग तीन. आपण मराठीत आधी तीन म्हणतो आणि मग साठ. तिने 'त्रे' ऐकलं, तीन लिहिले, 'सष्ट' ऐकलं, सहा लिहिले. अठ्ठावीस मात्र तिने बरोबर लिहिले होते, म्हणून छत्तीस वजा अठ्ठावीस, आठ. तिची वजाबाकी बिनचूक होती, दशक सोडवण्यासकट. (२०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या गणितात 'साठ तीन' अशी संख्यावाचनाची रीत दिली तेव्हा विधानसभेपर्यंत गदारोळ झाला. टिंगल करणाऱ्यांनी अशी एक वही पाहिली असती तर ते थोडे थांबले असते, असं मला वाटतं.)

चाचणीच्या तक्त्यात तिघांनाही शून्य. तक्ता वर जातो, वही माझ्याजवळ राहते. जोवर तक्ता माझ्या मदतीसाठी आहे तोवर काही बिघडत नाही. पण त्याच तक्त्यावरून शाळांची यादी लागू लागली. ठरलेल्या गुणांची रेषा गाठलेली 'प्रगत' किती, न गाठलेली 'अप्रगत' किती. महिन्याच्या बैठकीत शाळावार टक्के मोठ्याने वाचले जायचे. माझ्या ३८ मुलांपैकी अकरा अप्रगत होती, आणि माझं नाव घेऊन कारण विचारलं गेलं. नंतर चहाच्या वेळी एका वरिष्ठांनी, अगदी आपुलकीने, सांगितलं, "बाई, जरा हात सैल सोडून तपासा."

पुढच्या चाचणीत मी तसं केलं. सहा मुलांना दोन-दोन, तीन-तीन गुण वाढवून रेषेच्या पलीकडे नेलं. त्यात ती मुलगीही होती. टक्का वाढला, बैठकीत कुणी काही विचारलं नाही. पण अप्रगत यादीत नाव असलेल्या मुलांनाच जादा तासाला बसवायचं होतं, आणि त्या सहांची नावं आता यादीत नव्हती. वर्षाअखेर माझी तुकडी बदलली. नव्या बाईंच्या हातात कागद आला तो 'प्रगत' म्हणणारा. त्यांनी त्यावर विश्वास ठेवला, त्यांचा त्यात काय दोष? त्या आठ लिहिणाऱ्या मुलीकडून दोन आठवडे रोज दहा मिनिटं संख्यांची मराठी नावं म्हणून घ्यायची होती. तेवढंच राहिलं होतं. ते कुणी केलं नाही, आणि चौथीत ती गणिताच्या तासाला मागच्या बाकावर गप्प बसताना मला दिसायची. चौथीच्या दिवाळीनंतर काम दुसरीकडे लागलं आणि कुटुंब निघून गेलं. वाढवलेले गुण मुलाकडून हिसकावून घेतलेली मदत असते, हे मला तेव्हा कळलं. मी पुन्हा कधी तसं केलं नाही आणि बैठकीतली बोलणी ऐकून घेतली.

हे फक्त आपल्याकडे होतं असं नाही. अमेरिकेत २००२ पासून शाळांना परीक्षेच्या निकालावर जबाबदार धरणारा कायदा आला आणि २०१४ पर्यंत प्रत्येक मूल अपेक्षित पातळीवर हवं, असं ठरलं. जॉर्जियातल्या अटलांटा शहरात २०११ च्या चौकशीत ४४ शाळांमध्ये गैरप्रकार आढळले, १७८ शिक्षक आणि मुख्याध्यापकांची नावं आली. मुलांच्या उत्तरपत्रिकांवरच्या चुकीच्या खुणा खोडून बरोबर केल्या होत्या. पुढे काहींना शिक्षाही झाल्या. ते वाचताना मला राग आला नाही, पोटात खड्डा पडला.

माझा भाचा टेक्सासात राहतो. तिथे २०१९ मध्ये प्रत्येक शाळेला ए ते एफ असं अक्षर मिळालं आणि घर घेताना लोक ते अक्षर बघतात. त्याने मला त्याची मांडणी समजावून सांगितली तेव्हा एक गोष्ट आवडली. मुलांना किती येतं याच्या जोडीला, तेच मूल मागच्या वर्षीपेक्षा किती पुढे सरकलं हेही तिथे मोजतात. आपल्या फ्लेक्सवर हे कधी नसतं. सुशिक्षित घरातली चाळीस मुलं घेऊन चाळीस चांगले निकाल देणारी शाळा, आणि दसऱ्यानंतर दाखल झालेल्या, अक्षरओळख नसलेल्या मुलाला मार्चपर्यंत परिच्छेद वाचायला लावणारी शाळा, यांत दुसरीने जास्त काम केलेलं असतं. आणि तिची टक्केवारी कमीच दिसणार.

त्या भाच्याच्याच राज्यातली परीक्षाही तिसरीपासून आहे, आपली पॅटही सुरू झाली ती तिसरीपासून. म्हणजे मुलांची पहिली दोन वर्षं या आकड्यांत फारशी येतच नाहीत. मूल वाचायला लागतं ते याच दोन वर्षांत. फ्लेक्सवरची मुलं पहिलीत असताना त्यांना शिकवणाऱ्या बाई अजून त्या शाळेत आहेत का, हेदेखील तुम्हाला ठाऊक नाही.

तेव्हा माझं सांगणं असं. दोन्ही शाळांत उन्हाळ्याच्या सुट्टीआधी जा, मुलं वर्गात असताना. दोन्ही ठिकाणी परवानगी मागा, बहुधा देतात. पहिली-दुसरीच्या वर्गात दहा मिनिटं मागे बसा. पाचसहा वह्या चाळा. सगळ्या वह्यांत एकच उत्तर एकाच अक्षरवळणात असेल तर ते फळ्यावरून उतरवलेलं आहे. चुका असतील आणि चुकांशेजारी बाईंनी काही लिहिलेलं, काढून दाखवलेलं असेल तर मला तिथे बरं वाटेल. गोष्टीची पुस्तकं कपाटात कुलपाआड आहेत की मुलांच्या हातात येऊन कोपरे दुमडलेली, ते बघा. वर्गात किती मुलं आहेत ते मोजा. साठ असतील तर बाई कितीही चांगल्या असल्या तरी हात अपुरे पडतात. गेल्या तीन वर्षांत पहिलीच्या शिक्षिका किती वेळा बदलल्या ते विचारा. महापालिकेच्या शाळेत हा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे, बदल्या आणि इतर कामं दोन्ही जास्त. निवडणुकीची, सर्वेक्षणाची कामं लागली की वर्ग दोन-दोन आठवडे दुसऱ्याच्या गळ्यात पडतो. हे मी माझ्याच लोकांबद्दल सांगतेय, पण तुम्हाला माहीत असायला हवं.

अनुदानित शाळाही सोडून देऊ नका. कदाचित तीच खरंच चांगली असेल. तिथे त्या १८ मुलांबद्दल विचारू नका, उरलेल्यांबद्दल विचारा.

आणि दोन्हीकडे दुसरीच्या बाईंना एवढं विचारा: त्रेसष्ट वजा अठ्ठावीस पंचेचाळीस लिहिणारी मुलं यंदा तुमच्या वर्गात किती आहेत? त्यांनी टक्केवारी न सांगता मुलांची नावं घेतली, कोण कशामुळे अडलंय ते सांगायला लागल्या, तर मुलीला त्या शाळेत घाला.